चौकशीचा माणूस

जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीत बारा घरं आणि तोंडाशी माझं झेरॉक्सचं दुकान. अनोळखी माणूस गल्लीत शिरला की तो कशाला आलाय हे मला लगेच कळतं. स्थळाची चौकशी करायला आलेला माणूस आधी गरज नसताना आधार कार्डाची झेरॉक्स मारून घेतो. मग ती घडी करून खिशात ठेवता ठेवता, आत्ताच आठवल्यासारखं विचारतो, "हितं ते अमके राहतात न्हवं? माणसं कशी हायेत हो?" सतरा वर्षं मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं. "समोर पेरूचं झाड दिसतंय ना, ते हिंदुराव नागण्यांचं घर. त्यांना विचारा."

मला ह्या भानगडीत पडायचं नसायचं. झेरॉक्सवाल्याला गल्लीतलं सगळंच ठाऊक असतं. दाखले, निकाल, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, कोर्टाच्या नोटिसा, सगळं माझ्याच काचेवरून जातं. काचेवर कागद पालथा ठेवावा लागतो, आणि मी तो नंतरही पालथाच ठेवतो. हा काही माझा मोठेपणा नव्हे, धंदा आहे.

हिंदुरावला मात्र चौकशीची हौस होती. मूळचा टेंभुर्णीकडचा, सरकारी खात्यात कारकून, बुटका, अंगानं भरलेला, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. चौकशीवाले आले की तो त्यांना व्हरांड्यातल्या खुर्च्यांवर बसवायचा, बायकोला, म्हणजे बजावहिनींना, चहा टाकायला सांगायचा आणि मग सावकाश बोलायला लागायचा. त्याच्या व्हरांड्यात आणि माझ्या दुकानात मधे दहा फुटांचा रस्ता, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकू यायचा. पिणाऱ्या पोराबद्दल तो म्हणायचा, "मित्र लई त्याला. कुणी हाक मारली की न्हाय म्हणवत न्हाय." आळशी पोराबद्दल म्हणायचा, "शांत हाय. उगं धावपळ करत न्हाय." गल्ली डोक्यावर घेणाऱ्या बाईबद्दल म्हणायचा, "त्यांचं लक्ष असतंय म्हणून घर चाललंय की." ऐकणाऱ्याला जेवढं समजून घ्यायचं असेल तेवढं तो घ्यायचा. ह्या माणसाच्या जिभेवर आमच्या गल्लीतली नऊ लग्नं झाली. प्रत्येक लग्नात त्याला मानाचा टॉवेल आणि टोपी मिळाली. बजावहिनींनी ते सगळे टॉवेल घडी मोडू न देता कपाटात ठेवले होते.

मे महिन्यात तो निवृत्त झाला. जून पेरूला पाणी घालण्यात गेला. जुलैपासून तो रोज सकाळी दहा ते एक माझ्या दुकानातल्या स्टुलावर येऊन बसायला लागला आणि महिन्याभरात मला त्याचा वीट आला. त्याच सुमारास सात रस्त्याजवळच्या एका हॉलमध्ये 'स्वतःला ओळखा' नावाचं दोन दिवसांचं शिबिर होतं. त्याची पत्रकं माझ्याकडून छापून नेली होती, म्हणून शिबिरवाल्यांनी मला दोन पास दिले होते. एक पास मी हिंदुरावच्या हातात कोंबला. शनिवार-रविवार स्टूल रिकामं राहावं, एवढाच माझा हेतू. रविवारी मीही गेलो, कारण जेवण होतं.

पुण्याहून आलेले एक तरुण सर कानाला माईक अडकवून व्यासपीठावर येरझाऱ्या घालत होते. प्रत्येकाच्या हातात वीस शब्दांची यादी होती: कुटुंब, आरोग्य, प्रतिष्ठा, माया, सत्य, शिस्त असं काहीबाही. दर दहा मिनिटांनी सर म्हणायचे, "आता दोन खोडा." शेवटी जे एक उरेल ते तुमचं खरं मूल्य, आणि त्यावर तुमच्या उरलेल्या आयुष्याचं ध्येय उभं करायचं. माणसं अगदी घामाघूम झाली होती. एका बाईंनी 'कुटुंब' खोडताना पदर डोळ्याला लावला. मला हसू येत होतं, कारण मी जेवणाआधीच एकोणीस खोडून मोकळा झालो होतो आणि काय ठेवलं ते आता मला आठवतही नाही.

हिंदुराव दोन शब्दांवर अडला. सरांनी माईक त्याच्याकडे पाठवला.

"काका, काय काय उरलंय?"

"माणसं जोडणं. आणि सत्य."

"एकच ठेवायचंय."

"मग माणसं जोडणं ठेवतो की," हिंदुराव म्हणाला, आणि कौतुकानं चौकशीच्या गोष्टी सांगायला लागला. पिणारा पोरगा, आळशी पोरगा, नऊ लग्नं, टॉवेल-टोप्या. सभागृह हसलं. हिंदुराव खुलला. सरही हसले आणि मग एकदम हसायचे थांबले.

"काका, राग येणार नसेल तर एक बोलू? हे मूल्य नाहीये. ही भीती आहे. लोक आपल्याला वाईट म्हणतील ही भीती. साठ वर्षं तुम्ही ह्या भीतीलाच माणुसकी म्हणत आलाय."

दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हिंदुराव उभाच होता, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. त्यानं खिशातलं एक पेन काढलं, ते उमटेना म्हणून दुसरं काढलं, आणि 'माणसं जोडणं' ह्या शब्दांवर इतक्या जोरानं रेघ ओढली की कागद फाटला.

मग ध्येय लिहायचं होतं. ध्येय मोजता आलं पाहिजे, असा सरांचा नियम. हिंदुरावनं लिहिलं, 'एक वर्ष एकही खोटं बोलणार नाही.' सरांनी वाकून वाचलं आणि स्वतःच्या पेनानं पुढं जोडलं, 'आणि ठाऊक असलेलं खरं लपवणार नाही.' खाली तीनशे पासष्ट चौकोन छापलेले होते, दिवसाला एक खूण करायची. दुसऱ्या दिवशी तो तक्ता मोठा करून घ्यायला हिंदुराव माझ्याकडे आला. लॅमिनेट कर म्हणाला. मी म्हटलं, लॅमिनेशनवर पेन चालत नाही, मार्कर लागेल. त्यानं मार्करही घेतला.

पहिला दीड महिना गमतीत गेला. बजावहिनींना त्यानं सांगितलं की तुझी आमटी मला कधीच आवडली नाही. वहिनींनी चार दिवस आमटीच केली नाही. मला सांगितलं की तुझ्या झेरॉक्स काळ्या येतात, सतरा वर्षं काळ्याच येतायत. गल्लीतल्या एकाला सांगितलं की तुमच्या पोराला बारावी झेपायची नाही. लोक त्याच्या पाठीमागं त्याची टर उडवायचे. संध्याकाळी तो भिंतीवरच्या चौकोनात खूण करायचा आणि ती पुसली तर जात नाही ना, हे बोट लावून बघायचा. शाळकरी पोरासारखा खूश असायचा तो, आणि मला ते बघवायचं नाही.

आता चंद्रव्वाबद्दल सांगायला हवं. नागण्यांच्या भिंतीला भिंत लावून तिचं घर. अक्कलकोटकडची, घरात कन्नड बोलणारी. नवरा ड्रायव्हर होता, तो गेल्यावर तिनं कडक भाकऱ्या करून विकायला सुरुवात केली आणि त्यावर एकुलती एक मुलगी अंकिता शिकवली. हिंदुरावला ती अण्णा म्हणायची, दर राखीला घरी येऊन राखी बांधायची. अंकिता पंचवीसची. एका खासगी शाळेच्या बालवाडीत शिकवायची. उंच, हसरी, रस्त्यानं जाताना गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याशी बोलणारी.

सहा वर्षांपूर्वी ही अंकिता रिक्षा थांब्यावर कोसळली होती. तोंडाला फेस, हातपाय ताठ. गर्दी जमली, पुढं कुणी होईना. हिंदुराव भाजी घेऊन येत होता. त्यानं भाजीची पिशवी तिच्या डोक्याखाली दिली, तिला कुशीवर वळवलं आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. गल्लीत परत आल्यावर सगळ्यांना सांगितलं, "उपास होता पोरीचा. चक्कर आली." गल्लीला खरं काय ते दोन दिवसांत कळलंच. तिच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांची झेरॉक्स मीच मारत होतो. पण हिंदुराव एकदा चक्कर म्हणाला म्हटल्यावर सगळ्यांनी चक्करच म्हणायचं ठरवलं. गोळ्या चालू होत्या. चार वर्षं फिट आली नव्हती. डॉक्टरांनी लग्नाला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं.

दसऱ्यानंतर दोन माणसं माझ्या दुकानात आली. पैकी वयस्क माणसाचं नाव धोंडप्पा. त्यांनी आधार कार्डाची झेरॉक्स मारून घेतली. पुतण्या अभिमन्यू चाकणला कंपनीत आहे, अंकिताला बघून गेलाय, मुलं एकमेकांना पसंत आहेत, तेव्हा माणसं कशी आहेत, असं त्यांनी विचारलं. सतरा वर्षांची सवय. माझ्या तोंडून आपोआप गेलं, "समोर पेरूचं झाड दिसतंय ना?"

ती दोघं रस्ता ओलांडून गेली तेव्हा मला तक्ता आठवला. हाक मारायला अजून वेळ होता. मी मारली नाही. मला वाटलं, इतका काही हा गाढव नसेल.

व्हरांड्यात चहा आला. धोंडप्पानं आईबद्दल विचारलं. हिंदुराव म्हणाला, कष्टाळू बाई, एक शब्द वावगा नाही. मुलीबद्दल विचारलं. गुणी आहे, म्हणाला. धोंडप्पाचा चहा संपला होता, तो उठायच्या बेतात होता. त्यानं नेहमीचा शेवटचा प्रश्न विचारला, "बाकी काय तब्येत वगैरे?"

ह्या प्रश्नाला काहीही उत्तर चालतं. 'ठणठणीत' म्हटलं तरी चालतं, नुसती मान हलवली तरी चालतं. विचारणाराही तेवढ्यासाठीच विचारतो.

मी दुकानातून बघत होतो. हिंदुरावनं खिशातल्या पेनांना हात लावला.

"तिला फिट येत्यात," तो म्हणाला. "सहा वर्सांमागं मीच दवाखान्यात नेलती. गोळ्या चालू हायेत. आता बरी हाय, पण मी लपवणार न्हाय. तसं ठरीवलंय मी."

पलीकडच्या घरात भाकरी थापायचा आवाज चालू होता. तो थांबला.

संध्याकाळी धोंडप्पाचा फोन आला आणि लग्न मोडलं. हिंदुरावनं भिंतीवर खूण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंकिता शाळेत जायच्या साडीत नागण्यांच्या व्हरांड्यात उभी राहिली. तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता, पण मी मशीन बंद केलं होतं.

"काका, मी अभिमन्यूला सांगितलं होतं. पहिल्याच भेटीत. चिठ्ठ्या दाखवल्या, डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं. तो हो म्हणाला होता."

हिंदुराव म्हणाला, "मला ठाऊक न्हवतं पोरी."

"तुम्ही विचारलं नाहीत. घरच्यांना तो स्वतः सांगणार होता, ह्या रविवारी. त्याच्या तोंडून कळलं असतं तर ते सांगणं झालं असतं. शेजाऱ्याकडून कळलं म्हणून ते लपवणं झालं. आता त्याची आई म्हणते, एवढं लपवलं तर अजून काय काय लपवलं असेल. तो फोन उचलत नाही."

अंकितानं खांद्यावरची पर्स सावरली. "तुम्ही माझं डोकं पिशवीवर ठेवलं होतं, मला अजून आठवतं," ती म्हणाली आणि शाळेला गेली.

त्या आठवड्यात ती झोपली नसावी. शुक्रवारी प्रार्थनेच्या वेळी बालवाडीच्या चाळीस मुलांसमोर तिला फिट आली. चार वर्षांनी. मुलं घाबरून रडली, पालकांनी तक्रारी केल्या, शाळेनं गोड शब्दांत तिला घरी बसायला सांगितलं. ती घरी बसली. कुत्र्यांशी बोलणं बंद झालं. कधीकधी ती गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये नुसती उभी असायची.

आणि गल्लीचं काय सांगू? गल्ली म्हणाली, "खरंच तर बोलला बिचारा." हे म्हणून झाल्यावर प्रत्येकानं हिंदुरावला बघून दार लोटायला सुरुवात केली. प्रत्येकाच्या घरात काहीतरी होतं आणि ते हिंदुरावला ठाऊक होतं. माझ्या स्टुलावर तो अजून यायचा, पण आता तो आला की गिऱ्हाईक कागद घडी करून खिशात घालायचं. मला त्याचा संताप यायचा. आणि तो हाक न मारणाऱ्या माझ्यावरचा संताप आहे, हेही मला कळत होतं. पण त्याच्यावर काढणं सोपं होतं.

एकदा मी त्याला म्हटलं, "उतरवा तो तक्ता. झालं तेवढं पुरे."

तो म्हणाला, "आता कसं उतरवू? आता उतरवला तर मग त्या पोरीचं मी कशासाठी मोडलं?"

मार्च उजाडला. दोनशे चौकोन भरून झाले होते. हिंदुरावच्या मुलीला, संस्कृतीला, बार्शीचं स्थळ आलं. संस्कृती सव्वीसची, एका ऑडिटरकडे नोकरी करणारी, बापासारखीच बुटकी आणि आईसारखी मितभाषी. तिचंही एक प्रकरण होतं. एकोणिसाव्या वर्षी ती कॉलेजातल्या एका मुलाबरोबर निघून गेली होती. तीन दिवसांनी आपण होऊनच परत आली, पण घरात शिरायची हिंमत होईना. मग चंद्रव्वाच्या दारात उभी राहिली. चंद्रव्वानं तिला न्हाऊ घातलं, कपाळाला विभूती लावली, हाताला धरून नागण्यांच्या घरी आणली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माज्यासंगं आली होती की, आमच्या गावच्या जत्रंला. सांगायचं ऱ्हाऊन गेलं, चुकलं माजं." त्या तीन दिवसांत स्वतः चंद्रव्वा इथंच भाकऱ्या थापत होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. तरी कुणी काही बोललं नाही.

बार्शीची माणसं अकराला मुलगी बघायला येणार होती. घरात आणखी एक पुरुषमाणूस असावा म्हणून हिंदुरावनं मलाही बोलावलं होतं. ती दहालाच आली, मुलगा, त्याचे वडील आणि आत्या. आणि वडिलांनी माझ्या दुकानात आधार कार्ड काढलं.

मी काय केलं ते सांगतो. मी म्हटलं, "त्यांच्या शेजारी चंद्रव्वा राहतात. सगळं ठाऊक आहे त्यांना. त्यांना विचारा." एवढ्यावर न थांबता मी दुकानाचं शटर निम्मं ओढलं आणि त्यांच्याबरोबर गेलो. मला बघायचं होतं. पाच महिने त्या बाईनं तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं आणि आज तिची पाळी होती. हिंदुरावनं दिलेलं त्याच्याच पदरात पडताना मला बघायचं होतं. असा मी माणूस आहे.

चंद्रव्वा पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. मागं अंकिता भाकऱ्या कागदात बांधत होती. मुलाच्या वडिलांनी विचारलं. चंद्रव्वानं एकदा माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही, कारण मी तिथं का आलोय हे तिला कळलं होतं.

"संस्कृती?" ती म्हणाली. "माज्या डोळ्यांफुडं वाडली. लई गुणाची पोर. कुणाच्या अध्यात न्हाय, मध्यात न्हाय. बोट ठेवायला जागा न्हाय बगा. माजा पोरगा असता तर मीच केली असती."

आत्याबाई खूश झाल्या. अंकितानं गाठ मारून दोरा तोडला, वर पाहिलं नाही. मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण अकरा वाजले होते आणि ह्या माणसांना घेऊन मलाच पलीकडे जायचं होतं.

नागण्यांच्या हॉलमध्ये पोहे झाले. संस्कृती पाटावर बसली, उठली. मुलगा तिच्याकडे बघून दोनदा हसला आणि ती एकदा हसली. मी तिला कित्येक वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं. बजावहिनी दारात पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. समोरच्या भिंतीवर तो तक्ता. आत्याबाईंनी विचारलंसुद्धा, हे काय, म्हणून. 'काही नाही, हिशेब आपला,' असं वहिनी घाईनं म्हणाल्या.

मुलाचे वडील म्हणाले, "आमची काय हरकत न्हाय पाव्हणं. शेजारच्या बाई तर म्हणल्या, पोरीवर बोट ठेवायला जागा न्हाय."

"कोण बाई?" हिंदुरावनं विचारलं.

"त्या भाकरीवाल्या."

हिंदुरावचा चेहरा मी जवळून पाहत होतो. चंद्रव्वानं त्याची पोर झाकली होती. तिच्या पोरीचं उघडं केलेल्या माणसाची पोर. दुसरा कुणी असता तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं असतं आणि तो गप्प बसला असता. त्याला कुणी काही विचारलेलंही नव्हतं. त्यानं पोह्यांची बशी टेबलावर ठेवली.

"एक सांगायचं ऱ्हायलंय," तो म्हणाला.

"अहो," बजावहिनी म्हणाल्या.

"एकोणीस वर्सांची असताना ती एका पोराबरोबर गेलती. तीन दिवस. त्या बाई तुमाला खोटं बोलल्या. मी लपवणार न्हाय."

मुलाच्या वडिलांनी चप्पल घालताना 'कळवतो' असं म्हटलं. मुलगा संस्कृतीकडे न बघता गेला. बजावहिनी आत गेल्या आणि आतून एकदाच मोठ्यानं हुंदका आला. मी जागचा हललो नाही, हलायची लाज वाटली म्हणून.

संस्कृतीनं रिकाम्या बश्या एकात एक घातल्या. ट्रे बाजूला ठेवला. मग भिंतीजवळ गेली, दोरीला बांधलेला मार्कर घेतला आणि दोनशे अकराव्या चौकोनात स्वतःच्या हातानं नीट खूण केली.

"आजचं राहिलं होतं, बाबा," ती म्हणाली.

दुपारी हिंदुराव चंद्रव्वाच्या दारात गेला. पाय त्याचे त्याला नेत असावेत. मी दुकानात होतो, पण काम करत नव्हतो. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. चंद्रव्वा चुलीपाशीच बसून होती, ती उठली नाही.

"चंद्रव्वा, ऐकलंस न्हवं?"

"व्हय."

"तुज्या पोरीचं बोललो होतो. मग माज्या पोरीचं झाकलं असतं तर मी कोण ठरलो असतो?"

"कोण ठरला असता?" चंद्रव्वा म्हणाली. "बाप ठरला असता की."

मला वाटतं, ह्या दोन लग्नांची फिट्टंफाट झाली असं काहीतरी तिनं म्हणावं, ह्यासाठी तो आला होता. तिनं हातातली भाकरी उलटली.

"तुमाला वाटलं, तुमची पोरगीबी घरी बसली की माज्या पोरीचं दुःख कमी हुईल. काय कमी झालं अण्णा? काल एक बसली होती, आज दोन बसल्या." मग तव्यावरची भाकरी काढून ती म्हणाली, "जल्मात दोनदा खोटं बोलले मी. दोनीबी येळा तुमच्या पोरीसाठी. ज्या घरानं माजं समदं घालवलं त्या घरासाठी आज सकाळी बोलले. ते किती जड गेलं मला. तेवढं तरी ठिवायचं होतं."

ती त्याला चालते व्हा म्हणाली नाही. तो निघताना तिनं नेहमीसारखा भाकऱ्यांचा पुडा अंकिताच्या हातानं त्याच्या हातात दिला, आणि तो पुडा घेऊन हिंदुराव घरी आला. ही दया होती की शिक्षा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

एप्रिलमध्ये संस्कृतीनं हैदराबादला नोकरी धरली आणि गेली. आईला फोन करते. बजावहिनी आता व्हरांड्यात येत नाहीत. कपाटातले ते सगळे टॉवेल त्यांनी फरशी पुसायला काढले. दर पंधरा दिवसांनी एक नवा, कोरा, जरीकाठाचा टॉवेल दारात पाय पुसायला पडलेला असतो. अंकिता घरीच आहे. पुन्हा दोनदा फिट आली. स्थळ आलं नाही. चौकशीची माणसं आली की मी आता त्यांना म्हणतो, मला काही ठाऊक नाही, आणि पुढचं घर दाखवत नाही.

ऑगस्टमध्ये तीनशे पासष्टावा चौकोन भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता हिंदुराव आला. वाळला होता. कॉलर मानेभोवती सैल झाली होती. खिशात एकच पेन होतं. शिबिरातला मूळचा कागद त्यानं पिशवीत आणला होता, तोच, 'माणसं जोडणं' ह्या शब्दांपाशी फाटलेला.

"नवीन वर्षाचा तक्ता काढून दे," तो म्हणाला. "दुसरं काय करू आता? ह्याच्याशिवाय माज्याकडं काय ऱ्हायलंच न्हाय."

मी कागद हातात घेतला नाही. एका मुलीची मार्कशीट निघत होती, तिकडे बघत मी म्हटलं, "मशीन बंद आहे."

मशीन घरघरत होतं. कागदामागून कागद बाहेर पडत होते. त्याला ते दिसत होतं, ऐकू येत होतं. माझ्या तोंडावर खोटं म्हणायला त्याला वर्षभराचा सराव होता. मी वाट बघितली.

"बरं," हिंदुराव म्हणाला. कागद त्यानं घडी करून पिशवीत ठेवला, आणि स्टुलावर न बसता तो रस्ता ओलांडून घरी गेला.